चष्मा सुटला

१९ ऑगस्ट

बॅटरीच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी दुकानात धूळ खात पडली होती. आज शीतलनं ती पुसून माझ्यापुढे ठेवली. "डोयाचं काय काय होऊन राहिलं ते लिहत जा. डॉक्टरनं इचारलं का तुम्ही नुसतं 'ठीक हाय' म्हणता." बायकोचा नवऱ्यावर एवढाच भरवसा.

तर लिहितो. उजव्या डोळ्यापुढे तीन-चार दिवसांपासून काळे मुंगळे फिरतात. भिंतीकडे पाहिलं की भिंतीवर, आभाळाकडे पाहिलं की आभाळात. हातानं झटकायला गेलो तर शीतल हसली.

माझ्या डोळ्यांची कुंडली अशी: उजवा उणे एकोणीस. डावा त्याच्याही पुढे, वर लहानपणापासून आळशी, नुसता शोभेला. चष्म्यातून लोकांना माझे डोळे मुगाच्या दाण्याएवढे दिसतात. शाळेत पोरं 'बाटलीबुड' म्हणायची. पण हाच चष्मा काढून मोबाइलचा बोर्ड नाकाला भिडवला, की खसखशीएवढा पार्टसुद्धा उजव्या डोळ्याला स्वच्छ दिसतो. बाकीचे रिपेअरिंगवाले भिंग लावून जे धुंडतात, ते मी नुसत्या डोळ्यानं उचलतो. म्हणून पांढुर्ण्यात माझं दुकान 'बिनचष्म्यावाल्याचं' दुकान. पाटीवर नाव वेगळंच आहे, ते कोणाला ठाऊक नाही. शाळेपासूनचा दोस्त राहुल डिस्प्ले आणि बॅटऱ्या बदलतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. बोर्डाचं बारीक काम माझं. हा एक डोळा आहे म्हणून दुकान आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकते. डोळा मिटला तरी चमकते. बाबांना सांगितलं. बाबांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहून मला शिकवलं, त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांना एकच औषध. "उष्णता हाय बावा. डोक्याले तेल लाव." लावलं. वीज चालूच आहे, डोकं मात्र थंड.

२३ ऑगस्ट, गोटमार

सकाळी उठलो तर उजव्या डोळ्यात खालच्या कोपऱ्यातून अंधार वर आलेला. कोणी पडदा खालून ओढत असल्यासारखा. आज नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, म्हणून बाजार बंद. राहुलचं घर नदीपलीकडे सावरगावात, त्यामुळे आज त्याचा पत्ता नाही. शीतल म्हणाली, "आज दवाखाना खुला भेटनार नाही. नदीवर डॉक्टर बसले हायत, तिथंच दाखवा."

तिथं गेलो. रांगेत सगळे डोकी फुटलेले. टेबलामागच्या माणसानं माझ्याकडे वर पाहून विचारलं, "दगड कुठी लागला?"

मी म्हणालो, "डोयात अंधार आला साहेब."

त्यानं बॅटरी मारून पाहिलं, "वरून जखम नाही. आतून मार हाय," म्हणाला. थेंब टाकले, कापूस ठेवून पट्टी बांधली. "तीन दिवस काढाची नाही. सूज उतरली का दिसते. चष्मा फुटला नाही हे नशीब समज." मी दगडाचं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात एकाला उचलून आणलं, आणि मला बाजूला केलं. खोटं मी बोललो नाही. विचारलंच नाही कोणी.

परतताना दोन अनोळखी पोरांनी पाठीवर थाप मारली. "वा काका!" लहानपणी चष्म्यापायी आई मला या दिवशी घरात कोंडून कडी लावायची. अडतीस वर्षांत पहिल्यांदा गोटमारीच्या माणसात मोजला गेलो. छाती जरा फुगलीच.

२५ ऑगस्ट

पट्टीचा रुबाब काही और आहे. चहावाल्यानं बिस्कीट आपणहून दिलं. "कोणत्या बाजूनं होते भाऊ?" मी हसलो फक्त. झाकली मूठ.

पट्टीमुळे आत काय चाललंय ते कळत नाही, पण दुखत नाही, म्हणजे बरं होत असणार.

२६ ऑगस्ट

पट्टी काढली. समोर शीतल उभी होती. तिला हनुवटी नव्हती, ओठ नव्हते. नाकापर्यंत अंधार, आणि वरचे डोळे पाण्यातून पाहावे तसे हलणारे. ती रडायला लागली. माझ्या तोंडावर दिसलं असेल.

राहुल धावत आला. "दगड कुठी लागला होता?"

"लागलाच नाही."

"लागलाच नाही त पट्टी कायले बांधून बसला बे तीन दिवस?" तो इतका ओरडला की बाबा ओट्यावरून आत आले. उद्या गणपतीची सुट्टी आहे म्हणे. परवा नागपूर.

२८ ऑगस्ट, नागपूर

डॉक्टरीण तरुण आहे, पुण्याकडची. डोळ्यात थेंब टाकून, उजेड मारून फार वेळ पाहिलं. म्हणाली, "आतला पडदा सुटलाय. मधला भागही. अंधार कधीपासून?"

"शनवारपासून."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

शीतलनं गोटमार समजावून सांगितली. दगड, नदी, पट्टी. डॉक्टरणीचं लिहिणं थांबलं. "म्हणजे यांना दगड लागलाच नव्हता?" हाच प्रश्न जो तो विचारतो. मग ती असिस्टंटशी इंग्रजीत काहीतरी बोलली. मला 'मॅक्युला' आणि 'सॅटरडे' एवढेच शब्द ऐकू आले. असिस्टंट माझ्याकडे पाहून मान हलवत होता. शनिवार-रविवारी ऑपरेशन करत नसतील बहुतेक. उद्याच करणार आहेत.

३१ ऑगस्ट, सौंसर

पालथा पडून लिहितो आहे. डोळ्यात गॅसचा फुगा भरलाय. तो आतून पडद्याला दाबून धरतो, म्हणून तोंड सतत जमिनीकडे. जेवण आणि संडास सोडून चोवीस तास. नागपूरला जायला जवळ पडतं म्हणून सासुरवाडीला आणून टाकलंय. बाजेच्या बाहेर डोकं काढलं, खाली फरशीवर डायरी, हातात पोरांच्या रंगाचा जाड पेन, आणि आळशी डावा डोळा जन्मात पहिल्यांदा कामाला लागलेला. अक्षरं बोराएवढी येतात. एका पानात चार ओळी.

जावई म्हणून सासुरवाडीला मान असतो. माझी सध्या मानच तेवढी चर्चेत आहे.

४ सप्टेंबर, सौंसर

मी माणसं पायांवरून ओळखतो. भेगाळलेल्या टाचा आणि जोडवी म्हणजे सासूबाई. त्या खाली बसून वाटीत वरणभात कालवून देतात, आणि मी गायीसारखा खाली मान घालून खातो. त्यांना पदरानं नाक पुसताना ऐकतो. मी न ऐकल्याचं दाखवतो.

आज शेजारच्या बाया आल्या. एक म्हणाली, "जवाई, जरासं तोंड त दाखवा. आमी पायाले आलो न!"

सासूबाई म्हणाल्या, "तोंड नोका मांगू बाई, इतले दिवस निंगाले, आता फुगा हालला त?"

"माह्या मामसासऱ्याचंबी असंच झालं होतं," दुसरी म्हणाली.

"मंग? आलं काय दिसाले?"

ती बाई पायातली जोडवी फिरवत बसली. मग चहा आला.

१० सप्टेंबर, सौंसर

सरळ बसायला परवानगी मिळाली. मान आखडून लाकूड झालीय. उजव्या डोळ्यात अर्ध्या ग्लासातल्या पाण्यासारखी आडवी रेघ दिसते. मान हलली की डुचमळते. रेघेच्या खाली फुगा, वर उजेड. रोज रेघ थोडी खाली उतरते आणि वरून उजेड वाढतो. मी सकाळी उठल्याबरोबर पंख्याकडे पाहतो. आज दोन पाती दिसली. तिसरं पातं अजून फुग्यात आहे.

खोटं कशाला लिहू, आशा वाटते. पण बोलून दाखवत नाही.

१९ सप्टेंबर, पांढुर्णा

घरी आलो. गल्लीत बातमी आधीच पोचलेली: आशिषचा चष्मा सुटला! ऑपरेशनात मोतीबिंदूही काढला आणि आत नवं भिंग बसवलं, त्यामुळे एकोणिसाचा नंबर जवळजवळ गेला. जाड चष्म्याशिवाय मला कोणी पाहिलेलंच नव्हतं. बाया दारात येऊन म्हणतात, "कितला सुंदर दिसून राहिला!" बाबांनी तर पेढे वाटले. "पोरगा आता बिनाचष्म्याचं पायते," सगळ्यांना सांगत फिरतात. रस्त्यापलीकडचा नळ मला खरंच चष्म्याशिवाय दिसला. नळ आहे एवढं दिसलं. त्याखाली कोण होतं ते नाही.

३ ऑक्टोबर

काल बाबा आणि शीतल दीक्षाभूमीला जाऊन आले. गर्दीत धक्का लागेल म्हणून मी घरीच. फुगा विरून गेलाय. हीच वाट पाहत होतो. एकटाच दुकानात गेलो, शटर अर्धं वर केलं, आणि एक मेलेला बोर्ड नाकाला लावला.

काहीच नाही. हिरवा धूर.

लांब धरला. थोडं दिसलं, पण जिथं पाहावं तिथंच भोक. पार्ट पाहायला गेलो की पार्ट गायब, बाजूला पाहिलं की कोपऱ्यात वाकडा उगवतो. दाराची चौकट कमरेत वाकलेली. राहुलचा भिंगवाला चष्मा लावून पाहिला, वाकडेपणा मोठा झाला.

मी शटर खाली ओढून आत बसलो आणि पोटभर रडलो.

१४ ऑक्टोबर

राहुलनं नागपूरहून मायक्रोस्कोप आणलाय, स्क्रीनवाला. मला न विचारता. "पाय, इतलं मोठं दिसते. बस अन् कर."

"मले नाही जमत बे."

"हात त तोच हाय न? बस."

बसलो. स्क्रीनवर बोर्ड शेतासारखा पसरलेला. नजर जरा बाजूला ठेवली की थोडं थोडं कळतं. बाकी हाताला ठाऊक आहे. वीस वर्षांत हात काही शिकला नसेल का?

२७ ऑक्टोबर

काल दोन मोबाइल केले! चार्जिंगचे होते. संध्याकाळी टेबलावर ठेवून आलो. राहुलनं नियम काढलाय: "लगेच नाही द्याचे. रातभर रेस्टवर ठेवू, सकायी टेस्ट करू." आधी असला नियम नव्हता. पण सकाळी दोन्ही चालू होते. गिऱ्हाइकं घेऊन गेली. शीतलला सांगितलं तर तिनं माझा हात धरला.

४ नोव्हेंबर, नागपूर

तपासणी. भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचलं, खालच्या ओळीतलं अर्धं. डॉक्टरीण खूश. "पडदा उत्तम चिकटलाय. ऑपरेशन यशस्वी."

मी विचारलं, "अजून किती येईल?"

"एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्यात पडदा आधीच ताणून पातळ झालेला असतो. त्यात मधला भाग काही दिवस सुटून राहिला. थोडंफार सुधारेल. फार आशा ठेवू नका."

"आधी नाकाजवळचं बारीक दिसायचं, ते?"

"ते मोठ्या नंबरामुळे दिसायचं. आता नंबरच गेला ना! लोक त्यासाठी वेगळं ऑपरेशन करून घेतात." मग तिनं माझं काम विचारलं. मी सांगितलं. तिचा आवाज बदलला. "दुसरं काही येतं का तुम्हाला?"

येतं काय? पालथं पडता येतं.

नंबर राहू द्या, असं मी आधी म्हणायला हवं होतं का? कोण म्हणतं असं? आणि डोळा काही दिवस सुटून राहिला, ते दिवस कुठले, तेही आता कळलं. तीन दिवस पट्टी मिरवली. चहावाल्याचं फुकटचं बिस्कीट खाल्लं. आपल्याच हातानं डोळ्यावर माती टाकली मी.

परतीच्या बसमध्ये शीतलला म्हणालो, "पन मी कामं करून राहिलो न. तिले काय मालूम."

शीतल खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हाव."

१२ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणते तसं होतंच असं नाही. आठवड्यात सात बोर्ड केले आणि एकही परत आला नाही. पूर्वी दहातला एखादा तरी यायचा. म्हणजे हात पूर्वीपेक्षा पक्का झालाय.

एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. राहुल आजकाल फार लवकर दुकान उघडतो. मी येतो तेव्हा त्याचा चहा होऊन गेलेला, सोल्डरिंगचं यंत्र गरम. माझ्या टेबलावर बसतो म्हणे. मी पडलो होतो तेव्हा दुकान त्यानं सांभाळलं, कबूल. पण आयत्या बिळावर नागोबा व्हायचं असेल तर तोंडावर सांगावं. डोळे फुटले असतील माझे, अक्कल नाही.

१९ नोव्हेंबर

काल दुपारी सावरगावच्या उषाताई, शाळेत शिकवतात, त्यांचा मोबाइल आला. चार्ज होत नव्हता. चार्जिंगची जुनी आयसी, म्हणजे चिप, काढली, नवी चिमट्यात धरली, आणि ती उडाली. तांदळाच्या कणीएवढी वस्तू. चटईवर हात फिरवला, खाली गुडघ्यावर बसून फरशी चाचपली. राहुल बाहेर गेला होता. दुसरी नव्हती. मला लाज वाटली. मागचं झाकण तसंच रिकाम्या जागेवर लावून मोबाइल टेबलावर ठेवला आणि घरी आलो. सकाळी राहुलला सांगू, आयसी मागवू, असं ठरवलं.

आज बँकेत काम होतं म्हणून दुकानात उशिरा पोचलो. दारातच उषाताई भेटल्या. मोबाइल हातात, चालू. "आशिषभाऊ, सकायपासून फर्स्ट क्लास चार्ज होऊन राहिला! तुमचा डोया वापस आला बाप्पा. मी शायेत सगळ्याईले सांगतो."

मी आत गेलो. राहुल मान खाली घालून कोणाचा तरी डिस्प्ले चिकटवत होता.

"उषाताईचा कोनं केला?"

"तूच त केला काल," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

मी टेबलावर बसलो. स्क्रीन चालू केली. समोर काय होतं कोण जाणे.

२० नोव्हेंबर

उडालेली आयसी फरशीवरून शोधून राहुलनंच लावली असणार. म्हणजे तो एकच मोबाइल नाही. सगळेच. ऑक्टोबरचे ते पहिले दोन, आठवड्यातले ते सात, सगळे. मी संध्याकाळी घरी जाऊन शेखी मिरवायची, आणि त्यानं सकाळी लवकर येऊन माझी घाण साफ करायची. 'रातभर रेस्टवर.' ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्यानं. त्याला बोर्डाचं काम येत नव्हतं. कधी शिकला? मी सौंसरला पालथा होतो तेव्हा? आणि मी त्याला नागोबा म्हणालो.

शीतलला ठाऊक असणार. ती बसमध्ये 'हाव' म्हणाली तेव्हाच ठाऊक असणार.

राहुलला सांगावं, बस झालं, तू बस या टेबलावर. सकाळपासून तीनदा तोंडाशी आलं. पण सांगितलं की संपलं. मग मी खरोखरचा आंधळा. आज निदान टेबल आहे, चिमटा आहे, गिऱ्हाईक दारातून 'बिनचष्म्यावाले भाऊ हायत काय' विचारतं. बाबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पोराचं सांगतात. ते कसं काढून घेऊ? त्यांच्याकडून घेऊ की माझ्याकडून?

मला भीती वाटते. दुसरं काहीच वाटत नाही.

२४ नोव्हेंबर

आज टेबलावर चार बोर्ड आले. चारही मीच उघडले. स्क्रू उघडणं हाताला जमतं.

इतके दिवस मी जीव ओतून सोल्डर पक्कं लावायचो, वर पुन्हा गरम करून दाबायचो. ते उपटून काढताना सकाळी राहुलचे काय हाल होत असतील! शिवाय जास्त गरम केलं की बोर्ड जळतो. म्हणून आज बेतानं केलं. नवे पार्ट लावलेच नाहीत, बोर्डाजवळ डबीत ठेवले, झाकण काढून. जिथं काही लावल्यासारखं दिसायला हवं, तिथं कच्च्या सोल्डरचा जरासा ठिपका ठेवला.

निघताना राहुल म्हणाला, "झाले?"

"झाले. ठेव रेस्टवर."

"ठेवतो," तो म्हणाला.

घरी बाबा जेवायचे थांबले होते. "कितीक झाले आज?"

"चार."

"चार!" बाबांनी शीतलला हाक मारून सांगितलं. शीतलनं माझ्या ताटात गरम भाकर वाढली आणि आत गेली.

उद्याही जाईन. सोल्डर कच्चं आहे, राहुलला काढायला त्रास होणार नाही.